रात्रीची गाडी चालवणाऱ्यांनी तंबाखू कशी सोडली? वडिलांसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, 27 वर्षांपासून ट्रकवर आहेत. लातूरच्या मोंढ्यातून तूरडाळ भरायची, वाशीला उतरवायची, मिळेल ते भाडं घेऊन परत. पुडी आणि चुन्याची डबी कायम वरच्या खिशात. क्लीनर असला की तो मळून देतो. नसला तर अण्णा स्टिअरिंग कोपराने धरून चालत्या गाडीत तळहातावर मळतात. मी एकदा शेजारी बसून पाहिलंय. तेव्हापासून त्यांचा फोन लागला नाही की जीव थाऱ्यावर राहत नाही.

डाव्या गालात, बार धरतात तिथेच, पांढरा चट्टा आलाय. तुकडा काढून तपासला. कॅन्सर नाही निघाला, पण डॉक्टरांनी तंबाखू बंद करा म्हणून बजावलं. अण्णा घाबरले, सोडलीही. तिसऱ्या रात्री टेंभुर्णीच्या पुढे डोकं जड, हाताला थरथर, वर डुलकी. गाडी ढाब्यावर लावून शेजारच्या ड्रायव्हरकडून चिमूटभर मागून घेतली. "तंबाखूनं मरायचं तेव्हा मरू, झोपेनं आजच मरेन," म्हणाले. मला उत्तर सुचलं नाही.

मग तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या 1800-112-356 या सरकारी मोफत नंबरवर फोन केला. पहिले दोन-तीन दिवसच सगळ्यात जड जातात, तीन-चार आठवड्यांत त्रास ओसरतो, असं तिथल्या ताईंनी सांगितलं. म्हणजे नेमके तेच दिवस अण्णा गाडीवर होते! निकोटीनचा च्युइंगगमही अण्णांनी घेतला होता, पण उचकी लागली म्हणून फेकून दिला. तो सलग चघळायचा नसतो म्हणे. झिणझिण्या आल्या की थांबायचं, गालात धरायचा. चहानंतर पंधरा मिनिटं तरी घ्यायचा नाही. अण्णा तर तो चहासोबतच चघळत होते.

पुढच्या महिन्यात गाडी पासिंगसाठी आठेक दिवस उभी राहणार आहे. तेव्हाच परत सोडायची, असं आईनं आणि मी ठरवलंय. च्युइंगगम की अंगाला चिकटवायची निकोटीनची पट्टी, हे डॉक्टरांना विचारीनच.

तुमच्यापैकी कुणी गाडीवर असताना सोडली आहे का? घरचे आठ दिवस संपून पहिली रात्रीची फेरी आली, तेव्हा काय केलंत? झोप आली की सरळ गाडी लावून झोपायचं, हे शेठला कसं पटवलंत? आणि ढाब्यावर जुना सोबती डबी पुढं करतो, त्याला काय म्हणायचं?

अण्णा रविवारी परत येतील. तुमची उत्तरं त्यांना वाचून दाखवणार आहे. माझ्यापेक्षा ड्रायव्हरचं ते लवकर ऐकतात.