माफी मागितली, पण पुढे काय?

प्रश्न: अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याचे तत्कालीन गव्हर्नर राल्फ नॉर्थम यांच्या १९८४ च्या महाविद्यालयीन वार्षिकांकातील पानावर, चेहरा काळा रंगवलेल्या (कृष्णवर्णीयांची टर उडवण्याची ही जुनी वर्णद्वेषी रीत) एकाचे आणि कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेषी संघटनेच्या पोशाखातील दुसऱ्याचे छायाचित्र २०१९ मध्ये उघडकीस आले. त्यांनी माफी मागितली, राजीनामा मात्र दिला नाही. हे पुरेसे मानावे का?

प्रतिसाद १: माफीचेच धड नव्हते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ‘छायाचित्रात मी नाही’ असे सांगितले आणि मायकेल जॅक्सनच्या नकलेसाठी एकदा चेहऱ्याला काळा रंग लावल्याची कबुलीही दिली.

प्रतिसाद २: तरीही २०२१ मध्ये, कृष्णवर्णीयांवर जिचा वरवंटा अधिक फिरला, ती फाशीची शिक्षा रद्द करणाऱ्या कायद्यावर त्यांनीच सही केली. मी ते शब्दांपेक्षा मोठे मानतो.

प्रतिसाद ३: याच राज्यात २००६ मध्ये सिनेटर जॉर्ज ॲलन यांनी, प्रचारसभेचे चित्रीकरण करणाऱ्या भारतीय वंशाच्या तरुणाला ‘मकाका’ (माकडाच्या एका जातीचे नाव, वर्णद्वेषी शिवी) म्हणून हिणवत ‘अमेरिकेत स्वागत असो’ असेही सुनावले, मुलगा तर जन्माने व्हर्जिनियाचाच! त्यांनीही माफी मागितली, पण नोव्हेंबरमध्ये सुमारे नऊ हजार मतांनी ते हरले. तिथे निकाल मतदारांनी दिला; नॉर्थम यांना ती परीक्षा नव्हतीच, कारण व्हर्जिनियात गव्हर्नरला लागोपाठ दुसऱ्यांदा उभे राहता येत नाही.