नंदूकाकांच्या स्लाइड्स: ठेवायच्या की काढायच्या?

ओंकार: मंडळी, नंदूकाकांच्या जुन्या स्लाइड्सचे, म्हणजे छोट्या फ्रेममध्ये बसवलेल्या फिल्मवरच्या फोटोंचे, डबे माळ्यावरून उतरवलेत. सगळ्या स्कॅन करतो, इथे लिंक टाकतो, मग डबे काढून टाकू. चालेल ना काका?

नंदूकाका: स्कॅन खुशाल कर. टाकायचं नाव काढू नकोस.

ओंकार: पण आता बघणार कशावर? प्रोजेक्टरचा बल्ब कधीच गेलाय.

नंदूकाका: कोडॅकने 2004 मध्ये स्लाइड प्रोजेक्टर बनवणंच थांबवलं, त्यामुळे बल्ब शोधावा लागेल हे खरं. पण बघायला प्रोजेक्टरच कशाला हवा? स्लाइड खिडकीकडे धर. निगेटिव्हसारखे उलटे रंग नाहीत, सरळ चित्र दिसतं. तुझी हार्ड डिस्क खिडकीकडे धरून बघ काय दिसतं ते.

सुधाआत्या: 😂 दादा, पण काही तर पार लालभडक झाल्यात.

नंदूकाका: फ्रेमवर फिल्मचं नाव बघ. जुनी एक्टाक्रोम असेल. तिच्यातला निळसर-हिरवा रंग बंद डब्यातसुद्धा उडतो, मग सगळे चेहरे लाल. 1976 च्या सुमारास फिल्म धुण्याची नवी ई-6 प्रोसेस आली, त्यानंतरच्या बऱ्या टिकतात. कोडॅकच्याच कोडाक्रोम फिल्मची तऱ्हा वेगळी. अंधारात ठेवली तर वर्षानुवर्षं तशीच, प्रोजेक्टरवर सारखी लावली की फिकी पडते.

ओंकार: काल 1200 डीपीआयने (म्हणजे इंचाला 1200 ठिपके) थोड्या स्कॅन केल्या. मोबाइलवर झकास दिसतायत.

मीनल: ओंकार, मोबाइलवर काहीही झकास दिसतं. चित्र 24 बाय 36 मिलिमीटरचं, म्हणजे 1200 ला धड 2 मेगापिक्सेलही होत नाहीत. 4000 ला साधारण 21 होतात. सगळ्या तेवढ्या मोठ्या नकोत, पण ज्यांची प्रिंट काढावीशी वाटेल त्या तरी नीट कर. आणि कोडाक्रोमला स्कॅनरचं धूळ काढणारं सेटिंग बंद ठेव. ते इन्फ्रारेडवर चालतं, त्या फिल्मचे रंगच त्याला धूळ वाटतात आणि बारीक कडा खाऊन टाकतं. कॅमेरा, मॅक्रो लेन्स आणि पांढरा लाइट पॅनल घेतलास तर हे काम स्कॅनरपेक्षा फार लवकर उरकतं.

सुधाआत्या: कालच्या फोटोत दादाचं घड्याळ उजव्या हातात कसं?

मीनल: स्लाइड उलटी लागली! चकचकीत बाजू आपल्याकडे असली की चित्र सरळ. इमल्शनची, म्हणजे चित्राच्या थराची, बाजू मंद असते, उजेडात तिरकी धरली की त्यावर चित्राचा किंचित उठाव दिसतो.

सुधाआत्या: तिरकी धरूनच बघत होते. एकीच्या कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे आहेत. ओल्या रुमालाने पुसू का?

मीनल: नको नको! ती बुरशी आहे, इमल्शनमधल्या जिलेटिनवर वाढते. असं जिलेटिन पाण्यात विरघळतं, रंगासकट रुमालावर येईल. ती स्लाइड बाजूला काढ, बाकीच्यांवर फक्त ब्लोअरने हवा मार. काचेच्या फ्रेममधल्या आधी तपासा, त्यात ओल अडकून बसते.

ओंकार: बरं, ठेवायच्याच असतील तर परत माळ्यावर?

मीनल: माळा सोडून कुठेही! छताखाली उन्हाळाभर तापतं. घराच्या आतल्या भिंतीलगतचं कपाट बरं, बाहेरच्या भिंतीला ओल येते. पाऊच पॉलिप्रॉपिलिनचे घे. पीव्हीसीचे, तो प्लास्टिकचा वास येतो ते, कालांतराने स्लाइडला चिकटतात.

सुधाआत्या: अजून एक. बाळ रांगतंय त्या फोटोवर ऑक्टोबर 78 छापलंय. तेव्हा तर तो चालायला लागला होता!

नंदूकाका: ती तारीख फिल्म धुतल्याची. एका रोलमध्ये 36 फोटो, ते संपेपर्यंत रोल कॅमेऱ्यातच. म्हणून म्हणतो, फाइलला नाव देताना छापील तारखेवर जाऊ नका, मला विचारा. चेहरे ओळखणारे आता मी आणि सुधाच.

ओंकार: काका, एक न धुतलेला कोडाक्रोमचा रोलही सापडलाय.

नंदूकाका: अरेरे. ती फिल्म 2009 मध्ये बंद झाली. धुणारी शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्ससला होती, तिनेही 2010 अखेर रोल घेणं थांबवलं. आता रंग नाहीच मिळणार. कुणी हौशी माणूस कृष्णधवल काढून देईल, तेही निघालं तर.

ओंकार: बरं, हरलो. पण सगळ्या नाही हं ठेवायच्या. नुसत्या डोंगरांच्याच ढीगभर आहेत.

नंदूकाका: हललेल्या, जास्त उजेडाने पांढऱ्या पडलेल्या आणि माणसं नसलेले डोंगर खुशाल काढ. मलाही आठवत नाही कुठला कुठला आहे ते.

सुधाआत्या: डोंगरापुढे आपलं जुनं घर दिसतं, त्या सोडून.

मीनल: निवड आधी, स्कॅन नंतर. आणि ओंकार, फाइल्सची एक प्रत माझ्याकडे, एक क्लाउडवर. एकट्या लॅपटॉपवर ठेवू नकोस.

ओंकार: ओके. काका, प्रोजेक्टरच्या 140 स्लाइड्सवाल्या ट्रेमध्ये दोन अडकल्यात, निघतच नाहीत.

नंदूकाका: त्या ट्रेचे खाचे अरुंद, पुठ्ठ्याची फ्रेम जरा वाकली की अडकते. ओढू नकोस, मी आल्यावर काढतो.