आईच्या स्टोमाभोवती गाठी आल्या आहेत, मदत हवी आहे

सुरंगी:
आईची कोलोस्टॉमीची, म्हणजे मल बाहेर येण्यासाठी पोटावर आतड्याचे तोंड (स्टोमा) काढण्याची, शस्त्रक्रिया होऊन पाच महिने झाले. गेल्या पंधरा दिवसांपासून स्टोमाभोवती गाठी आल्या आहेत, चरचरते आणि पोटात सतत ओढ बसल्यासारखे होते. फ्लॅन्ज, म्हणजे मलाची पिशवी कातडीला धरून ठेवणारी चिकट चकती, दीड दिवसात सुटतो आणि पुन्हा नवा लावावा लागतो. हा खर्च आम्हाला फार दिवस झेपणारा नाही. शस्त्रक्रिया झाली तेथे फोन केला, तर पुढच्या तपासणीला या एवढेच उत्तर मिळाले आणि ती तपासणी सव्वा महिन्यावर आहे. आम्ही राजापूर तालुक्यातील गावात राहतो. कोणते मलम लावावे, हे ज्यांना माहीत असेल त्यांनी कृपया लवकर सांगावे.

निवृत्त परिचारिका:
ताई, मलमाचे नाव सांगण्याआधी मला थोडे विचारावे लागेल, कारण ‘गाठ’ हा एकच शब्द रुग्ण अगदी निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतात. गाठी स्टोमाच्या अगदी कडेला आहेत की बाजूच्या कातडीवर? लालभडक दाणे आहेत का, आणि पुसताना त्यांतून रक्त येते का? की कातडीखाली मोठा फुगवटा आहे, जो उभे राहिल्यावर दिसतो आणि आडवे झाल्यावर जातो? स्टोमा कायमचा आहे की काही महिन्यांनी बंद करणार आहेत? केमो चालू आहे का?

आजीचा बटवा:
कच्ची हळद खोबरेल तेलात उकळून ते तेल गाठींवर लावा. माझ्या सासूबाईंच्या जखमा याच उपायाने भरल्या होत्या आणि त्यासाठी कुठल्याही दवाखान्याची पायरी चढावी लागली नव्हती.

बॅगधारक:
कृपया हे करू नका. मी तेरा वर्षे पिशवी वापरतो आहे. कातडीवर तेलाचा थेंब जरी राहिला तरी फ्लॅन्ज धरत नाही, मग कडेने मल आत झिरपतो आणि कातडी आणखी सोलवटते. माझे विचाराल तर या सगळ्यावर इरिगेशन हाच उपाय आहे. मी रोज सकाळी स्टोमातून कोमट पाणी सोडून आतडे धुतो, त्यानंतर दिवसभर पिशवीत जवळजवळ काही येत नाही आणि कातडीला त्रासच राहत नाही.

आजीचा बटवा:
तेरा वर्षे तुम्ही बाजारातील वस्तू वापरल्या म्हणून घरगुती उपाय खोटे ठरत नाहीत. हळदीचा गुण सर्वांना ठाऊक आहे.

बॅगधारक:
हळदीच्या गुणाबद्दल माझे म्हणणे नाही. जेथे फ्लॅन्ज चिकटायला हवा तेथे तेल नको, एवढेच म्हणणे आहे.

सुरंगी:
परिचारिकाताई, कर्करोग होता हे लिहायचे राहिले. गुदाशय पूर्ण काढला आहे, त्यामुळे स्टोमा कायमचा आहे, डाव्या बाजूला आहे. केमोचे शेवटचे सत्र मागच्या महिन्यात झाले. स्टोमाच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढ्या तीन-चार लाल गाठी आहेत, पुसताना रक्त येते. त्याखेरीज स्टोमाच्या वरच्या अंगाला लिंबाएवढा फुगवटा आहे. आडवे झाल्यावर जातो का, हे आज तुम्ही विचारल्यामुळे पाहिले, तर खरोखरच जातो.

निवृत्त परिचारिका:
म्हणजे दोन वेगळ्या तक्रारी असाव्यात. कडेचे दाणे बहुधा ग्रॅन्युलोमा आहेत. फ्लॅन्जची कड सतत घासली, भोकाचे माप चुकले किंवा एखादा टाका आत राहिला, तर तेथे असे जास्तीचे मांस वाढते. स्टोमाची कातडी सांभाळणाऱ्या परिचारिका किंवा सर्जन ते जाळण्यासाठी त्यावर सिल्व्हर नायट्रेट या रसायनाची काडी लावतात. कधी दोन-तीन वेळा लावावी लागते. आतड्याच्या त्या भागाला स्पर्शाची वेदना जाणवत नाही, त्यामुळे चरचरते आहे ती बाजूची कातडी. फुगवटा मात्र हर्नियासारखा वाटतो, ज्याला आपल्याकडे अंतर्गळ म्हणतात. पोटाच्या स्नायूला स्टोमासाठी जे छिद्र केलेले असते, त्यातून आतडे बाहेरच्या अंगाला सरकते. हे पुष्कळ जणांना होते, पण तपासल्याशिवाय मी किंवा कोणीही खात्रीने सांगू नये, कारण कर्करोगाच्या रुग्णाची प्रत्येक नवी गाठ डॉक्टरांच्या हाताखालून जायलाच हवी. सव्वा महिना थांबू नका.

आता आणखी दोन गोष्टी सांगा. फ्लॅन्जचे भोक किती मिलिमीटरचे कापता? आणि आई घरात कोणते जड काम करते?

डोंबिवलीकर:
ओस्टॉमी झालेल्या, म्हणजे पोटावर असा स्टोमा असलेल्या, रुग्णांना रेल्वेच्या मासिक आणि त्रैमासिक पासात सवलत असते. रुग्णालयाचे प्रमाणपत्र घेऊन अर्ज करावा. पुष्कळांना हे माहीत नसते, म्हणून लिहिले.

सुरंगी:
आभारी आहे, पण आई रोज रेल्वेने कोठे जात नाही. भोक ४५ मिलिमीटरचे कापतो, कारण घरी सोडताना तेथल्या परिचारिकेने कागदाचा साचा करून दिला होता आणि तोच ठेवून आजवर कापत आलो. काम म्हणाल तर ती विहिरीवरून कळशी आणते. आम्ही सांगूनही ऐकत नाही. पिशवी भरू नये म्हणून दिवसभर जेवायचीही टाळाटाळ करते, शेजारी हळदीकुंकवाला जात नाही.

निवृत्त परिचारिका:
साचा पाच महिन्यांपूर्वीचा आहे, तिथेच घोटाळा आहे! शस्त्रक्रियेनंतर स्टोमा सुजलेला असतो आणि पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत तो आकसतो. आज पुन्हा मोजा. पिशव्यांच्या खोक्यात मोजपट्टी येते. स्टोमाच्या मापापेक्षा २ ते ३ मिलिमीटरच जास्त कापावे. जास्तीच्या मोकळ्या जागेतील कातडीला मल लागत राहतो, म्हणून ती चरचरते आणि म्हणूनच फ्लॅन्ज दीड दिवसात सुटतो. साफ करताना साधे कोमट पाणी वापरा, स्पिरिट किंवा डेटॉल नको, आणि कातडी पूर्ण कोरडी झाल्यावरच फ्लॅन्ज लावा. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत हे कोरडे करणे घाईत उरकू नये. आईने कळशी उचलणे आजपासून बंद करावे आणि खोकताना हाताने स्टोमाच्या बाजूला आधार द्यावा.

बॅगधारक:
मी अजूनही म्हणतो की इरिगेशनचा विचार करावा.

निवृत्त परिचारिका:
तुम्हाला त्याचा लाभ झाला हे मी मानते, पण हर्नियाची शंका असताना पाणी आत सोडणे योग्य नाही. सर्जनने तपासून परवानगी दिली तरच, आणि तेही प्रथम शिकवणाऱ्या परिचारिकेसमोर. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात स्टोमा क्लिनिक आहे. मुंबईला जाणे होत असेल तर तेथे विचारा.

सुरंगीताई, एक गोष्ट ध्यानात ठेवा. फुगवटा आत जाईनासा झाला, जोराचे दुखू लागले, उलट्या सुरू झाल्या, पिशवीत मल आणि वारा दोन्ही येणे थांबले किंवा स्टोमा काळपट-जांभळा दिसू लागला, तर रात्र असो की दिवस, त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

सुरंगी:
नऊ दिवसांनी लिहिते आहे. रत्नागिरीला सर्जनना दाखवले. स्टोमा ३० मिलिमीटरचा भरला. एवढे दिवस आम्ही भोक स्टोमापेक्षा पंधरा मिलिमीटरने मोठे कापून कातडी उघडी ठेवत होतो, हे कळल्यावर मला फार वाईट वाटले. दाण्यांवर सिल्व्हर नायट्रेट लावले आणि त्यातील एका ठिकाणी न विरघळलेला टाका निघाला. हर्निया आहे, पण सध्या शस्त्रक्रियेची घाई नाही असे सांगितले, कारण दुरुस्त करूनही तो परत येऊ शकतो. पोटपट्टा दिला आहे; सकाळी आडवे असताना, फुगवटा आत गेल्यावर बांधायचा आणि रात्री काढायचा. नव्या मापाचा फ्लॅन्ज आज चौथ्या दिवशीही टिकला आहे, आणि काल आईने पोटभर भात खाल्ला. कळशी आता मी आणते. अडचण एवढीच की पोटपट्टा घामाने भिजतो आणि खाली खाज सुटते.

बॅगधारक:
आत सुती बनियन घालावा आणि त्याला पिशवीपुरते भोक पाडून कड शिवून घ्यावी. शक्य असेल तर दुसरा पट्टा घेऊन ठेवा, म्हणजे एक वाळेपर्यंत दुसरा बांधता येईल. तुमच्या सर्जनांचे ऐका, इरिगेशनचे माझे म्हणणे मी तुमच्या बाबतीत मागे घेतो.