नाम, नेम, नामाए : सारखं दिसलं की सोयरीक?

व्यंजनवेडा
शेजारच्या धाग्यावर कुणीतरी ते ढकलपत्र पुन्हा डकवलंय: ऑस्ट्रेलिया म्हणजे अस्त्रालय, व्हॅटिकन म्हणजे वाटिका, बद आणि बॅड एकच, आणि नाम–नेम (इंग्रजी)–नामाए (जपानी) बघा, सगळं संस्कृतच! तिथे उत्तर लिहायला घेतलं, लांबलं, म्हणून वेगळा धागा.

ऑस्ट्रेलिया आलं लॅटिन 'ऑस्ट्रालिस'वरून, म्हणजे दक्षिणेकडचं. व्हॅटिकन हे तिथे चर्च येण्याआधीपासूनचं टेकडीचं नाव. फारसी 'बद' पूर्वी 'वद' होता. नातं खरं असेल तर मागे जाल तसं साम्य वाढायला हवं, इथे ते घटतं. जपानी 'नामाए'त नाव एवढंच 'ना', 'माए' मागून चिकटलेलं. नाम–नेम मात्र खरोखर भाऊबंद.

तपासायचं असं: आधी उसना शब्द नाही ना, ते बघा. मग दोन्हींची जुन्यात जुनी रूपं काढा. मग तोच ध्वनिबदल आणखी चारपाच शब्दांत दाखवा. संस्कृत प तिथे इंग्रजी फ (पितृ–फादर, पद–फूट), त तिथे थ (त्रि–थ्री, तृष्णा–थर्स्ट), श तिथे ह (शत–हंड्रेड, शृंग–हॉर्न), द तिथे ट (दश–टेन, दंत–टूथ). एका जोडीवर सोयरीक जुळत नाही.

तिरकस तात्या
वा! १८२२ साली ग्रिमसाहेब (हेच ध्वनिबदल मांडणारे जर्मन पंडित) बोलले आणि भाषा सुतासारख्या सरळ झाल्या. द तिथे ट ना? मग द्वार–डोअर कसं? 'टोअर' का नाही? दुहिता–डॉटर? की सोयीचा तो नियम आणि गैरसोयीचा तो अपवाद? शब्दांच्या व्युत्पत्ती सांगणाऱ्या प्राचीन यास्कानं दुहितेची फोड कधीच करून ठेवली आहे: 'दूरे हिता' (दूर असलेलीच हिताची), नाहीतर दुह् (दूध काढणे) धातूवरून.

अनुस्वार
जपानपर्यंत कशाला जाता? हिंदीतली 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. त्यांची 'शिक्षा' शाळेत मिळते, आपली कोर्टात. 'उपन्यास' हिंदीत कादंबरी, तेलुगूत व्याख्यान. शब्द एकच, अर्थ फुटलेले. आणि हिंदीवरून मराठी करणारे हे सगळं जसंच्या तसं उचलतात! त्यावर काढा की धागा.

व्यंजनवेडा
अनुस्वार, तो रोग वेगळा. तिथे नातं पक्कं आहे, अर्थ सरकलाय.

तात्या, यास्क विकल्प देतो. सगळे एकदम खरे कसे? आणि दुह् धरलात तर माझंच काम केलंत. त्याचं भविष्यकाळी रूप 'धोक्ष्यति'. हा ध कुठून आला? पाणिनी आपल्या व्याकरणातल्या ८.२.३२ या सूत्राने ह चा घ करतो आणि ८.२.३७ ने द चा ध. म्हणजे मुळात धातूत ध आणि घ दोन्ही. लागोपाठ दोन महाप्राण (ध, घ अशी ह मिसळलेली व्यंजनं) आले की संस्कृत पहिल्याचा प्राण काढतं. पुढे स आल्यानं दुसऱ्याचा गेला, की पहिल्याचा टिकतो. जर्मन पंडित ग्रासमाननं १८६३ मध्ये मांडलं ते हेच. दुहितेचंही तसंच, ग्रीक 'थिगातेर' बघा. आणि मूळ ध तिथे इंग्रजीत ड च येतो: मधु–मीड, विधवा–विडो. नियम मोडला नाही, तुम्ही चुकीच्या रांगेत उभे राहिलात.

तिरकस तात्या
रांग! बरं, दुहिता दिली तुम्हाला, पाणिनीच्या भिडेखातर. पण 'द्वार'मध्ये दुसरा महाप्राण कुठाय? तिथे ग्रासमान काय करणार?

व्यंजनवेडा
काही नाही. ग्रीक 'थिरा' मूळ ध दाखवतो, संस्कृतात मात्र 'ध्वार' हवा तिथे 'द्वार' आहे. 'द्वि'च्या ओढीनं तसं झालं असावं म्हणतात, दाराला फळ्या दोन. हा अपवादच, पण संस्कृताच्या बाजूचा.

तिरकस तात्या
'असावं म्हणतात'! आम्ही असं म्हटलं की ढकलपत्र, तुम्ही म्हटलं की शास्त्र.

व्यंजनवेडा
एक गुण तुम्हाला. आता अस्त्रालय मागे घ्या.

तिरकस तात्या
ते माझं नव्हतंच.