मध्य, मध्यक, बहुलक : ‘सरासरी’ नेमकी कोणती?

प्रश्न : दहावीच्या गणितात मध्य, मध्यक आणि बहुलक असे तीन शब्द येतात. बोलताना तिन्हींना सरासरी म्हटलं तर चालेल का?

– नाही. सरासरी म्हणजे मध्य. समजा, एका दुकानातल्या पाच जणांचे पगार हजारांत 12, 97, 14, 12, 15 आहेत. बेरीज 150, म्हणून मध्य 30. चढत्या क्रमाने लावले की मधोमध येतो तो 14, हा मध्यक. सर्वांत जास्त वेळा आलेला 12, हा बहुलक. ‘इथला सरासरी पगार 30 हजार’ हे वाक्य हिशेबाने बरोबर, पण चौघांच्या हातात 15 हजार किंवा त्याहून कमीच पडतात. पगार आणि घरांच्या किमती सांगताना मध्यकच द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

– क्रम न लावता मधला आकडा उचलला, तर वरच्याच यादीत 14 येतो. पण तो निव्वळ योगायोग! आधी क्रम लावाच. संख्या सम असतील तर मधल्या दोघींची बेरीज भागिले दोन. आणि मध्यकाला ‘मध्यगा’ म्हणू नका, ती त्रिकोणाची.

प्रश्न : वर्गीकृत सारणीत, म्हणजे आकडे गटागटांत (वर्गांत) मांडलेल्या तक्त्यात, मध्यकाचं उत्तर हमखास चुकतं. का?

– वारंवारता म्हणजे एका वर्गात किती आकडे पडतात ते, आणि संचित वारंवारता म्हणजे त्या वर्गापर्यंतच्या वारंवारतांची बेरीज. बहुतेक वेळा ही संचित वारंवारता चुकीच्या ओळीतली घेतली जाते. 0–10, 10–20, 20–30, 30–40, 40–50 या वर्गांच्या वारंवारता 4, 8, 10, 6, 2 धरा. एकूण 30, निम्मे 15. संचित वारंवारता 4, 12, 22… म्हणजे पंधरावा प्राप्तांक 20–30 मध्ये, तो मध्यक वर्ग. आता 15 मधून त्याच्या आधीच्या वर्गाची संचित वारंवारता 12 वजा करायची. उरलेल्या 3 ला मध्यक वर्गाच्या वारंवारतेने, 10 ने भागायचं, वर्गांतराने, म्हणजे वर्गाच्या रुंदीने, 10 ने गुणायचं आणि खालच्या मर्यादेत, 20 मध्ये, मिळवायचं. उत्तर 23. बाराऐवजी 22 घेतले तर 13 येतं. मध्यक वर्गाबाहेर पडलेलं उत्तर दिसलं की ओळ चुकली समजा.

– वर्ग 1–10, 11–20 असे असतील तर आधी 0.5–10.5, 10.5–20.5 असे सलग करून घ्या, नाहीतर खालची मर्यादा अर्ध्याने चुकते.

– हवामान खात्याच्या बातमीतली ‘सरासरी’ मात्र खरोखर मध्यच असते. देशातल्या जून ते सप्टेंबरच्या पावसाची दीर्घकालीन सरासरी 87 सेंमी, 1971 ते 2020 या 50 वर्षांची. तिच्या 96 ते 104 टक्के पाऊस झाला की तो ‘सर्वसाधारण’ म्हणायचा.