मदत हवी आहे: हेल्मेटमध्ये लावायचा ब्लूटूथ हेडसेट कोणता घेऊ?

ठिबकवाला_जळगाव, सोमवार रात्री १०:१२
नमस्कार मंडळी. परवापर्यंत घ्यायचाच आहे, म्हणून जरा लवकर सांगा. हेल्मेटला लावायचा ब्लूटूथ हेडसेट हवाय. मॅपचा आवाज ऐकू यावा, फोन घेता यावा आणि गाणी चालावीत. दिवसभर जळगाव, चोपडा, शिरपूर पट्ट्यात फिरणं असतं आणि फोन सारखे येतात. प्रत्येक फोनला गाडी बाजूला घ्या, हेल्मेट काढा, बोला, परत घाला. कंटाळा आलाय. ऑनलाइन बघितलं तर दोन हजारांपासून तीस हजारांपर्यंत आहेत, डोकं चालेनासं झालंय. जे स्वतः वापरतात त्यांनीच सांगा. एकच नाव सांगा.

सातपुडा_रायडर, सोमवार रात्री १०:३१
भो, मेशवालं घे, ग्रुपमधल्या गाड्यांवरून एकमेकांशी बोलायला. साधं ब्लूटूथ इंटरकॉम म्हणजे एकाला दुसरा जोडलेला, दुसऱ्याला तिसरा. मधला मागे पडला की साखळी तुटते. मेशमध्ये तसं होत नाही, कोणी मागे राहिलं तर आवाज दुसऱ्याच्या सेटवरून फिरून येतो, तो जवळ आला की आपोआप परत जोडला जातो. आम्ही तोरणमाळला ग्रुपने जातो तेव्हा घाटाच्या वळणांवर याचा खरा उपयोग कळतो. कार्डो किंवा सेना, दोन्ही कंपन्यांत मेशची मॉडेल्स आहेत. एवढं मात्र बघ की ग्रुपमधल्या सगळ्यांकडे एकाच कंपनीचं असावं. एका कंपनीचं मेश दुसऱ्या कंपनीच्या मेशशी सहसा जुळत नाही, मग परत साध्या ब्लूटूथवर यावं लागतं.

अंमळनेर_गॅरेज, सोमवार रात्री १०:४०
भाऊ, पहिले हाई सांग, तुनं हेल्मेट कोनतं शे? बठ्ठं त्यावर शे.
फुल फेस, समोरून उघडणारं, की हाफ? बजेट किती? मागे कोणी बसतं का? हे कळल्याशिवाय नाव सांगण्यात अर्थ नाही.

भुसावळ_जंक्शन, सोमवार रात्री १०:५५
एवढे पैसे कशाला घालवता? पंधराशेचा नेकबँड घ्या, एक बाजू कानात घाला, वर हेल्मेट घाला, झालं काम. मी तेच वापरतो. भुसावळ ते मुक्ताईनगर रोजचं येणं-जाणं आहे, फोनवर समोरच्याला माझा आवाज स्वच्छ जातो.

धुळेकर_नाना, सोमवार रात्री ११:१८
मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. गाडीवर फोन घेऊच नका. धुळ्यावरून आग्रा रोड जातो आणि सुरत-नागपूर रोडही जातो, ट्रक कसे येतात ते मी रोज बघतो. हात मोकळे राहिले म्हणून डोकं मोकळं राहत नाही. पलीकडचा माणूस हिशोब विचारतो आणि तुमची नजर रस्त्यावर असूनही समोरची बैलगाडी दिसत नाही. मॅप ऐका, गाणी हळू आवाजात ऐका, पण फोनला गाडी बाजूला घ्याच. तुम्हाला ज्याचा कंटाळा आलाय तेच बरोबर आहे.

सातपुडा_रायडर, सोमवार रात्री ११:२६
नाना, तुमचं म्हणणं मान्य, पण ज्याचं पोट फोनवर आहे त्याने काय करायचं? निदान हातात तरी धरत नाही तो. कायद्यातही तसंच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये गाडी चालवताना हातात धरून वापरायचं उपकरण धोकादायक वाहन चालवण्यात धरलंय. २०२० मध्ये नियमात आणखी एक बदल आला, की असं उपकरण फक्त रस्ता बघायला वापरता येईल, तेही लक्ष विचलित न होता. हेल्मेटमधलं स्पीकर हातात धरत नाही कोणी.

धुळेकर_नाना, सोमवार रात्री ११:३४
कायद्यात बसतं म्हणून ट्रक थांबत नाही भाऊ. मी पावतीबद्दल बोलतच नाहीये.

ठिबकवाला_जळगाव, मंगळवार सकाळी ७:०५
मंडळी, मी ग्रुपने फिरत नाही. एकटाच असतो. मेश, इंटरकॉम काही नको. हेल्मेट आयएसआयचं आहे, चांगलं आहे. आता नाव सांगा.

अंमळनेर_गॅरेज, मंगळवार सकाळी ७:२०
आयएसआय तर हवंच, आयएस ४१५१ चा शिक्का नसलेलं दोनचाकीचं हेल्मेट विकताच येत नाही आता. पण माझा प्रश्न तसाच राहिला. समोरचा भाग उघडतो की नाही? कानाजवळची गादी काढून बघा, आत थर्मोकोलला गोल खड्डा आहे का? बहुतेक स्पीकर ४० मिमीचे असतात. खड्डा नसेल तर स्पीकर कानाच्या पाळीवर दाबतो आणि अर्ध्या तासात कान ठणकतो. मग लोक कंपनीला शिव्या देतात. खड्डा नाही म्हणून थर्मोकोल कोरायचा नाही, हे आधीच सांगतो. धक्का शोषतो तो थर्मोकोलच, वरचं प्लास्टिक नव्हे.

रावेर_केळी, मंगळवार सकाळी ८:४८
उन्हाचं कोणी बोललंच नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो. लिथियमची बॅटरी ४५ च्या वर चार्ज करू नये, बॅटरीचा जीव जातो. हेल्मेट आरशाला अडकवून उन्हात गाडी लावली आणि पॉवर बँक लावून चार्जिंगला ठेवलं, असं करू नका. युनिट, म्हणजे बॅटरी-बटणांची डबी, क्लॅम्पवरून (हेल्मेटच्या कडेला बसणाऱ्या पकडीवरून) निघणारं घ्या, ते काढून खिशात ठेवा.
आणि उन्हाचा एवढा त्रास असेल तर हेल्मेटला लावायचा कूलरही मिळतो. ब्लूआर्मर म्हणून बेंगळुरूची कंपनी आहे, ती हेडसेटही बनवते आणि कूलरही. पाण्याने गार होणारा आहे, म्हणून आपल्या कोरड्या हवेत जमतो, कोकणात नाही जमणार.

भुसावळ_जंक्शन, मंगळवार सकाळी ९:०२
कूलरचं वजन मानेवर येत नाही का? आणि पाणी किती वेळ पुरतं? केळीच्या गाड्या भरताना दिवसभर हेल्मेट घालून उभं राहायचं तर हे कामाचं आहे.

रावेर_केळी, मंगळवार सकाळी ९:१५
वजन समोर येतं, सवय होते. गाडी भरताना कशाला हेल्मेट, तेव्हा रुमालच बरा. वेगळा धागा काढा, सविस्तर सांगतो.

खान्देश_क्लिक, मंगळवार सकाळी ११:४०
एक महत्त्वाचं. मोबाइल हँडलला लावणार असाल तर व्हायब्रेशन डॅम्पर असलेलाच होल्डर घ्या. इंजिनच्या थरथरीने फोनच्या कॅमेऱ्याचं स्थिरीकरण बिघडू शकतं. ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच तसं जाहीर केलं होतं, जास्त क्षमतेच्या मोटारसायकलला आयफोन थेट लावू नका म्हणून. मी फोटो काढतो म्हणून हे मनापासून सांगतोय.

ठिबकवाला_जळगाव, मंगळवार दुपारी १:१०
होल्डर विचारलाच नव्हता हो. फोन खिशातच असतो, म्हणून तर आवाज हवाय.
हेल्मेट समोरून उघडणारं आहे, हनुवटीचा भाग वर जातो. शेतात गेलो की ते वर करूनच बोलतो शेतकऱ्याशी, काढत नाही. गादी काढून बघितली, खड्डा आहे पण उथळ. बजेट आठ-नऊ हजार. फोन दोन आहेत, एक माझा, एक कंपनीचा. मॅप कंपनीच्या फोनवर लावतो कारण शेतकऱ्यांची लोकेशन त्यावर येतात.

अंमळनेर_गॅरेज, मंगळवार दुपारी १:३५
आता बोलता येईल.
तुमचं हनुवटीचं झाकण वर जातं, म्हणून चिकटवायचा वायरचा माइक नको. तो फुल फेससाठी असतो, हनुवटीच्या आत चिकटवतात. तुमच्यात झाकण वर केलं की माइकही वर जाईल आणि वायर बिजागरीत अडकून एक दिवस तुटेल. तुम्हाला दांडीचा माइक पाहिजे, वाकवता येणारा, गादीत खोचायचा. पुढे फोम असतो, त्यावर खूण असते, ती बाजू तोंडाकडे. फोम ओठाच्या अगदी जवळ हवा, नाहीतर समोरच्याला फक्त वारा ऐकू जातो. बरेच सेट दोन्ही माइक डब्यात देतात, खरेदी करताना ते बघा.
युनिट डाव्या बाजूला, कारण उजवा हात ॲक्सिलरेटरवर असतो. पण झाकण वर-खाली करून बघा, युनिटला लागत नाही ना. लागत असेल तर थोडं मागे सरकवायचं.
दोन फोनचं: दोन फोन एकाच वेळी जोडता येतात असं लिहिलेलंच घ्या. पण नीट समजून घ्या, गाणी आणि मॅप सहसा एकाच फोनवरून येतात, दुसऱ्या फोनवरून फक्त कॉल. म्हणजे मॅपचा फोन पहिला जोडायचा.
उथळ खड्ड्यासाठी पातळ स्पीकरचं मॉडेल. एका माणसासाठीचं, मेश नसलेलं, सेना किंवा कार्डोचं खालच्या रांगेतलं चालेल. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण मॉडेल दर वर्षी बदलतात. हेल्मेट घेऊन दुकानात जा, स्पीकर आत धरून बघा आणि हेल्मेट घाला. कान दुखला तर तो नको.

भुसावळ_जंक्शन, मंगळवार दुपारी २:२०
एवढं करण्यापेक्षा नेकबँडच सोपा आहे, अजूनही सांगतो. कानात रबरी बोंडू असल्याने वाऱ्याचा आवाज कमी होतो आणि हळू आवाजातही ऐकू येतं. हेल्मेटच्या स्पीकरला ते जमत नाही, वेग वाढला की आवाज वाढवत न्यावा लागतो.

अंमळनेर_गॅरेज, मंगळवार दुपारी २:४१
वाऱ्याचं बरोबर बोलला भाऊ. शंभरच्या वेगाला हेल्मेटच्या आतच वारा ९० डेसिबलच्या वर जातो, त्यावर गाणी चढवली तर कान जातील. पण हा माणूस चोपडा रोडवर फिरतो, शंभरने नाही जाणार. आणि त्याला दिवसभरात किती वेळा हेल्मेट घालायचं-काढायचं ते बघ. प्रत्येक वेळी गादीला घासून बोंडू निघतं, मग हेल्मेट घातलेलं असताना आत बोट जात नाही. शिवाय बटण कुठे? नेकबँडचं बटण कॉलरखाली असतं, हातमोज्याने सापडत नाही. हेडसेटचं मोठं बटण डाव्या हाताने चाचपून दाबता येतं.

धुळेकर_नाना, मंगळवार दुपारी ३:३०
दोन्ही कान बोंडूने बंद करून हायवेवर जाऊ नका रे. मागून ट्रकचा हॉर्न आला पाहिजे.
ठिबकवाले भाऊ, तुम्ही घेणारच आहात तर एवढं करा. कॉल आपोआप उचलण्याची सोय सेटिंगमध्ये असते, ती बंद ठेवा. तुम्ही उचलाल तेव्हाच उचलला जावा. आणि उचलला की पहिलं वाक्य, "गाडीवर आहे, पाच मिनिटांत लावतो." विदगावचा तापीचा पूल आला की तेवढंही नको.

ठिबकवाला_जळगाव, मंगळवार संध्याकाळी ५:१५
नाना, हे करेन. शेतकऱ्यांनाही सांगून ठेवतो.
आणखी एक अडचण, मॅपचा पहिला शब्द कापला जातो असं मित्र म्हणतो. "डावीकडे वळा" मधलं "डावीकडे" जातं आणि नुसतं "वळा" ऐकू येतं. तसं असेल तर उपयोग काय?

सातपुडा_रायडर, मंगळवार संध्याकाळी ५:४०
होतं तसं. हेडसेट शांत असला की आवाजाचा मार्ग झोपतो, मॅप बोलायला लागला की जागा व्हायला क्षणभर लागतो आणि तेवढा शब्द जातो. हळू आवाजात गाणी चालू ठेव, मार्ग जागा राहतो. गूगल मॅप्सच्या नेव्हिगेशन सेटिंगमध्ये 'प्ले व्हॉइस ओव्हर ब्लूटूथ' चालू आहे का तेही बघ. दोनचाकीचा मोड लाव, २०१७ पासून आपल्याकडे आहे, मधले छोटे रस्ते दाखवतो. अनेर धरणाकडे, पुढे सातपुड्याच्या पायथ्याला रेंज जाते, म्हणून तो भाग आधीच ऑफलाइन डाउनलोड करून ठेव.
आणि उद्या ग्रुप झाला तर मेशचं लक्षात ठेव.

ठिबकवाला_जळगाव, बुधवार रात्री ८:५०
गोलाणी मार्केटमध्ये हेल्मेट घेऊन गेलो. तीन बघितले. एकाचा स्पीकर जाड होता, कानाला लागला, बाजूला ठेवला. दांडीच्या माइकवाला, दोन फोन जोडणारा, आयपी६७ लिहिलेला घेतला, म्हणजे धूळ आणि पाणी दोन्हीची काळजी नाही. अंमळनेरवाले दादा, क्लॅम्प बसत नाहीये. हेल्मेटच्या कडेचं रबर आणि थर्मोकोल यांच्यात फटच नाही. जोर लावू का?

अंमळनेर_गॅरेज, बुधवार रात्री ९:०५
जोर अजिबात लावू नका, कडेचं बीडिंग फाटेल. डब्यात चिकटवायची प्लेट असेल ती घ्या. जागा गोल असेल तर प्लेट नीट टेकते का ते आधी कोरडी धरून बघा. जागा स्पिरिटने पुसा, वाळू द्या, प्लेट दाबून धरा आणि २४ तास युनिट लावू नका. हेल्मेट तोपर्यंत सावलीत ठेवा, उन्हात चिकट सैल पडतो.

ठिबकवाला_जळगाव, बुधवार रात्री ९:१२
प्लेट आहे. म्हणजे उद्याचा दिवस जुन्यासारखाच फिरावं लागेल. आजच लावतो. कंपनीचा फोन पहिला जोडला.

धुळेकर_नाना, बुधवार रात्री ९:३०
स्पिरिट फक्त बाहेरच्या गुळगुळीत भागावर. आत थर्मोकोलला किंवा काचेला लागू देऊ नका.