गोडेतेल घाण्याचं घ्यावं की रिफाइंड?

गिरगावकर:
मुंबईत पुन्हा लाकडी घाणे दिसू लागलेत, याचा मला मनापासून आनंद आहे. माझं मत सरळ आहे, गोडेतेल घाण्याचंच घ्यावं. घाण्यातलं दाणे चिरडणारं लाकूड, म्हणजे लाट, सावकाश फिरते, तेल फारसं तापत नाही, दाण्याचा वास तेलात उतरतो. रिफाइंड करताना कॉस्टिक सोडा, रंग काढायला माती आणि शेवटी २०० अंशांच्या वर तापवून वाफेने वास घालवणं. एवढं सोसल्यावर त्यात शेंगदाण्याचं काय उरतं? भाकरीबरोबरच्या लसणाच्या चटणीवर दोन्ही तेलं घालून बघा.

मुलुंडवाला:
चवीबद्दल वाद नाही. पण घाणा आणि रिफाइंड एवढे दोनच मार्ग नाहीत. बाजारातलं फिल्टर्ड शेंगतेल एक्सपेलरमध्ये, म्हणजे स्क्रूने दाबणाऱ्या यंत्रात, दाबून काढतात आणि नुसतं गाळतात. दाण्यात ४५ ते ५० टक्के तेल असतं. घाण्याच्या पेंडीत त्यातलं बरंच राहून जातं, एक्सपेलरच्या पेंडीत साधारण ६ ते ८ टक्के. ते काढायला हेक्झेन हा तेल विरघळवणारा द्रव वापरतात, मग पेंडीत १ टक्क्याहून कमी उरतं. हेक्झेन ६९ अंशांच्या आसपास उकळतो, त्यामुळे तो उडवून पुन्हा वापरता येतो. ज्या देशाला खाद्यतेल आयात करावं लागतं, त्याने पेंडीत तेल सोडणं मला पटत नाही.

गिरगावकर:
सोडतो कुठे? ती पेंड गाईम्हशी खातात, त्यातलं तेल त्यांच्या अंगी लागतं.

माटुंग्याची मीना:
आणि त्याच पेंडीतून विषही जातं, ते कुणी बोलत नाही. शेंगा ओल्या राहिल्या की अ‍ॅस्परजिलस बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन तयार होतं. ते यकृताला घातक, कर्करोगकारक. १९६० साली इंग्लंडमध्ये हजारो टर्की पक्षी शेंगदाण्याच्या पेंडीने मेले, तेव्हा ते उघडकीस आलं. तेलात ते थोडंच उतरतं, बहुतेक पेंडीत राहतं. पण न गाळलेल्या तेलातल्या गाळाबरोबर घरी येऊ शकतं. ज्या कॉस्टिक सोड्याला गिरगावकर नावं ठेवतात, तोच आणि ती मातीच रिफायनिंगमध्ये ते काढून टाकतात. कढईतल्या आचेने ते जात नाही.

गिरगावकर:
म्हणूनच घाणा! तिथे दाणे माझ्यासमोर पडतात. बंद डब्यामागचा दाणा कोण बघतो?

माटुंग्याची मीना:
सुरकुतलेला, काळपट दाणा दिसतो. पण वरून चांगल्या दाण्यातही विष असू शकतं, ते प्रयोगशाळेतच कळतं. मुंबईच्या पावसाळ्यात पोतं दुकानात किती दिवस पडून होतं, हेही विचारत जा.

पार्ल्याची सुलभा:
कुणी तळणाचं बोलणार का? घाण्याचं तेल रिफाइंडपेक्षा लवकर धुरावतं. फराळाच्या चकल्यांना मी रिफाइंडच घेते. घाण्याची लहान बाटली फोडणीला आणि चटणीला. दोन्ही वेळचं सगळं त्यात करायचं तर महिन्याचं गणित कोलमडतं, आणि ज्यांच्या घरी एकच कमावतं माणूस आहे त्यांना 'घाण्याचंच खा' सांगणं मला बरं वाटत नाही.

मुलुंडवाला:
+१. महागाईचा मुद्दा वरच यायला हवा होता.

माटुंग्याची मीना:
घाणेवाल्यांनी प्रत्येक खेपेच्या दाण्याचा अफ्लाटॉक्सिनचा अहवाल दुकानात लावावा. लावला तर मी स्वतः त्यांची गिऱ्हाईक होईन. तोवर घरात लहान मूल आहे, मी रिफाइंडच घेणार.

गिरगावकर:
अहवालाची मागणी रास्त आहे. माझ्या घाणेवाल्याला या रविवारीच विचारतो. तेल मात्र त्याच्याकडूनच घेणार.